‘नाही’ कशावरून?

संगणकाचा सीपीयू उघडून आत हात घालण्याआधी एक वाक्य खरं असावं लागतं : आत वीज नाही. वाक्य तीन शब्दांचं. ते खोटं निघालं तर किंमत बोर्ड मोजतो, हात मोजतो, आणि क्वचित जीवही. हार्डवेअर शिकवताना सुरुवातीचे दिवस मी या एका वाक्यावर घालवते. पोरांना घाई असते. कुणाला रॅम काढून बघायची असते, कुणाला प्रोसेसरवरची पेस्ट बदलायची असते. ती म्हणतात, "ताई, बंद केलंय की!" आणि मी विचारते, "बंद केलंस हे दिसलं. वीज नाही, हे कशावरून?"

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. समोर वस्तू असेल तर ती आहे हे डोळे सांगतात. वस्तू नसेल तर ती नाही हे कोण सांगतं? नसण्याला रंग नाही, आवाज नाही, स्पर्श नाही. मग डोळ्याला सापडतं काय? आपल्याकडच्या दर्शनकारांनी हजार वर्षांहून अधिक काळ हा वाद घातला आहे. तो माझ्या कानावर पडला याचं कारण आमचं वाई गाव. केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोश सिद्ध केला तो इथल्या प्राज्ञपाठशाळेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथेच शिकले आणि पुढे मराठी विश्वकोशाचा संसारही त्यांनी इथूनच चालवला. माझे सासरे, अण्णा, शाळेत संस्कृत शिकवत. माझं संगणकदुरुस्तीचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. संध्याकाळी अण्णा स्टुलावर येऊन बसत आणि मी ब्रशने मदरबोर्डवरची धूळ काढत असताना अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह समजावून सांगत. सतराव्या शतकातलं हे लहानसं पुस्तक. न्यायशास्त्राचा अभ्यास आजही बहुतेक ठिकाणी त्यापासूनच सुरू होतो.

जगात जे जे काही आहे त्याची मोजदाद वैशेषिकांनी केली. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय असे सहा पदार्थ कणादांच्या परंपरेत धरले गेले. पुढे त्यात सातवा आला, तो अभाव. म्हणजे ‘नसणं’ हीसुद्धा जगातली एक खरी गोष्ट आहे, ती माणसाच्या मनाचा खेळ नाही, असं या मंडळींनी ठामपणे म्हटलं. अण्णांनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या धंद्यात विजेचं नसणं ही अगदी ठोस गोष्ट आहे. ती घडवून आणावी लागते, टिकवावी लागते आणि तपासावी लागते.

मग ते नसणं कळतं कसं? इथे तीन घराणी तीन उत्तरं देतात. नैयायिक म्हणतात, जमिनीवर घडा नाही हे डोळ्यालाच दिसतं. अभावाचंही प्रत्यक्ष होतं. सातव्या शतकाच्या सुमाराचे मीमांसक कुमारिल भट्ट म्हणतात, डोळ्याचा संबंध असलेल्या वस्तूशी येतो, नसलेल्या वस्तूशी कसा येणार? म्हणून अभाव कळण्याचं साधन वेगळं मानलं पाहिजे. त्याला त्यांनी अनुपलब्धी म्हटलं आणि प्रत्यक्ष, अनुमान, शब्द यांच्या पंक्तीला नेऊन बसवलं. अद्वैत वेदान्तानंही ते मान्य केलं. मीमांसकांतलेच प्रभाकर मात्र म्हणतात, अभाव नावाची वेगळी चीजच नाही. तुम्हाला दिसते ती नुसती मोकळी जमीन.

या तिघांत निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. पण भांडता भांडता अभावज्ञानासाठी या परंपरेनं जी एक अट घासूनपुसून पुढे आणली, ती मला आयुष्यभर पुरली आहे. अट अशी : दिसलं नाही एवढ्यावरून नाही म्हणता येत नाही. असतं तर दिसलं असतं, अशी स्थिती असावी लागते. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून तिथे घडा नाही असं ठरत नाही. दिवा हवा, डोळा धड हवा, घड्याकडे पाहणारा माणूस हवा. हे सगळं जुळून आलं आणि तरीही घडा दिसला नाही, तरच ‘नाही’ हे ज्ञान. याला योग्यानुपलब्धी म्हणतात.

आता टेस्टर घ्या. पारदर्शक मुठीत निऑनचा इवलासा दिवा असतो, त्याच्यामागे मोठा रेझिस्टर आणि टोकाला धातूची टोपी. टोपीवर बोट ठेवून टोक फेजला लावलं की अगदी नगण्य करंट आपल्या अंगातून जमिनीत जातो आणि दिवा लालसर पेटतो. पेटला तर वीज आहे. पेटला नाही तर? दिवा जळालेला असू शकतो. बोट टोपीवर नीट टेकलेलं नसू शकतं. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं तर उजेड इतका मंद होतो की दुपारच्या उन्हात कळतच नाही. म्हणून चांगला वायरमन टेस्टर आधी चालू बोर्डात लावतो आणि पेटतोय हे बघतो. मग ज्या ठिकाणी काम करायचं तिथे लावतो. तिथे पेटला नाही की पुन्हा चालू बोर्डात लावून बघतो, मधल्या काळात टेस्टरच तर गेला नाही ना! जगभर वीजकामगारांना हीच रीत शिकवतात. आधी जिवंत, मग मेलेलं, मग पुन्हा जिवंत. कुमारिलांचा ग्रंथ यांतल्या फार थोड्यांनी पाहिला असेल, पण या परंपरेतली अट ते हातानं पाळतात. ‘असतं तर कळलं असतं’ हे आधी सिद्ध, नंतर सिद्ध, आणि त्या दोहोंच्या मध्ये ‘नाही’.

वर्गात एक बोर्ड मी मुद्दाम उलटा जोडून ठेवला आहे. तीन छिद्रांच्या आपल्या सॉकेटला समोरून पाहिलं तर वरचं मोठं छिद्र अर्थिंगचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. स्विच फेजच्या वाटेवर असायला हवा. जुन्या घरांत पुष्कळदा फेज-न्यूट्रलची अदलाबदल झालेली असते. मग स्विच न्यूट्रल तोडतो आणि फेज सरळ आत जाऊन बसते. मुलगा स्विच बंद करतो, उजव्या छिद्रात टेस्टर घालतो, दिवा पेटत नाही. "नाही ताई." मी म्हणते, डाव्यात घाल. डाव्यात दिवा लाल होतो. त्या क्षणी त्याचा चेहरा बदलतो. स्विच बंद आहे आणि २३० व्होल्ट दारात उभे आहेत, हे त्यानं स्वतः पाहिलेलं असतं. प्लग ओढून बाहेर काढायचा, नुसत्या स्विचवर विसंबायचं नाही, हा नियम मग पुन्हा सांगावा लागत नाही.

नव्यन्यायाच्या पंडितांनी अभावाच्या विचारात आणखी एक शिस्त आणली. नुसतं ‘नाही’ म्हणणं त्यांच्या लेखी अर्धवट आहे. कशाचा अभाव, तो प्रतियोगी. कुठे अभाव, तो अनुयोगी. दोन्ही सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. संगणकाच्या बाबतीत ही शिस्त किती कामाची आहे ते सीपीयू उघडल्यावरच कळतं, कारण ‘आत वीज नाही’ यातली वीज एक नाही.

पहिली समोरच्या बटणाची गोष्ट. फार पूर्वीच्या, एटी जातीच्या कॅबिनेटमध्ये समोरचं बटण खरोखर मुख्य वीज तोडायचं. २३० व्होल्टची वायर मागून पुढे बटणापर्यंत आलेली असायची. विंडोज ९५ बंद करताना पडद्यावर नारिंगी अक्षरांत, आता संगणक बंद करायला हरकत नाही, अशी सूचना येई आणि मग माणूस बटण दाबे. १९९५ साली इंटेलनं एटीएक्सची रचना आणली आणि बटणाचा धर्मच पालटला. आता ते मदरबोर्डला नुसता निरोप देतं. बोर्ड एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याला, कळवतो आणि एसएमपीएस मोठे पुरवठे थांबवतो. पण जांभळ्या वायरीवरचे पाच व्होल्ट चालूच राहतात. ते राहिले नाहीत तर बटणाचा निरोप ऐकायला कोणी जागं उरणार नाही. म्हणून शटडाउन केलेल्या, पंखा थांबलेल्या, पडदा काळा झालेल्या संगणकातही बोर्डवरचा बारीक एलईडी तेवत असतो. हे पाच व्होल्ट माणसाला काही करत नाहीत. पण त्यांच्या चालू वाटेत रॅम घातली किंवा काढली, स्क्रू पडला, तर बोर्ड जाऊ शकतो. आणि टेस्टरला ते दिसतच नाहीत, कारण निऑन पेटायला त्याच्या कितीतरी पट दाब लागतो. या प्रतियोगीसाठी टेस्टर आंधळा आहे. तिथे बोर्डवरचा एलईडी बघायचा किंवा मल्टिमीटर लावायचा.

म्हणून आमच्याकडचा क्रम असा. आधी काम सेव्ह करून रीतसर शटडाउन. मग एसएमपीएसला मागे स्विच असेल तर तो शून्याच्या खुणेवर. मग भिंतीवरच्या बोर्डाचा स्विच बंद आणि प्लग ओढून बाहेर, शक्य असेल तर सीपीयूच्या मागची पॉवर केबलही काढलेली. मॉनिटर, प्रिंटर, नेटवर्क यांच्या वायरी सोडवलेल्या, कारण त्या यंत्रांना स्वतःची वीज असते आणि ती केबलमधून चोरपावलांनी येऊ शकते. एवढं झालं की समोरचं बटण पाचदहा सेकंद दाबून धरायचं. हा क्षण मी प्रत्येकाला वाकून बघायला लावते. प्लग बाहेर आहे, सगळं बंद आहे, आणि बटण दाबताच पंख्याचं पातं एक हिसका घेतं, पाव फेरा फिरतं आणि थांबतं. बोर्डवरचा एलईडी क्षणभर उजळतो, मग मंद होत होत विझतो. तारेचा संबंध तुटल्यानंतरही कपॅसिटरांत जे उरलं होतं ते या हिसक्यात खर्च झालं. पुस्तकात वाचून हे पटत नाही, ते पातं हललेलं दिसलं की पटतं.

पण एसएमपीएसच्या पत्र्याच्या डब्यात जे आहे त्याचा हिशेब निराळा. २३० व्होल्टच्या एसीचं शिखर सव्वातीनशेच्या आसपास जातं, आणि तेवढ्या दाबानं आतला मोठा कपॅसिटर भरलेला असतो. नव्या जातीच्या एसएमपीएसमध्ये हा दाब चारशेच्या जवळ असतो. ३३० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर ३२५ व्होल्टला भरला तर त्यात सुमारे १७ ज्यूल ऊर्जा साठते. ती निचरून जावी म्हणून रेझिस्टर असतो. पण तोच तुटलेला असला तर निचरा होत नाही, आणि बाहेरून तसं कळायला काहीही खूण नाही. टेस्टर लावावा तर सुट्या कपॅसिटरचा डीसी तो खात्रीनं दाखवत नाही, आणि मल्टिमीटर लावायचा तर आधी डबाच उघडावा लागतो. म्हणजे या ठिकाणी ‘असतं तर कळलं असतं’ ही अटच आमच्या बाकावर पुरी होत नाही. तेव्हा नियम साधा ठेवला आहे : एसएमपीएस उघडायचा नाही, बदलायचा. ज्याचं ‘नाही’ सिद्ध करण्याची साधनं आपल्यापाशी नाहीत, त्यात हात घालायचा नाही.

आणखी दोन विजा उरतात. एक, बोर्डवरचा गोल सेल, तीन व्होल्टचा. सगळं तोडलं तरी त्याच्यावर घड्याळ चालतच असतं. तो आहे हे मान्य करून काम करायचं, तो कुणाला इजा करत नाही. दुसरी वीज सीपीयूत नसतेच, ती आपल्या अंगावर असते. थंडीत वाईची हवा कोरडी पडते, स्वेटर काढला की चटचट आवाज येतो. माणसाला अशी ठिणगी जाणवायची म्हणजे अंगावर काही हजार व्होल्ट साठलेले असावे लागतात. चिपला मात्र त्याच्या कितीतरी कमी दाबानं इजा होते, आणि आपल्याला तर काहीच जाणवलेलं नसतं. इथे चूक होते ती अनुयोगीची. सीपीयूत वीज नाही हे खरं असतं, पण ती हातात असते. म्हणून आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, मनगटाला पट्टा असेल तर तो पत्र्याला अडकवायचा. कुणी म्हणतं, अर्थिंगसाठी प्लग आतच राहू द्यावा. मी तसं शिकवत नाही. हात आणि बोर्ड एका पातळीला आले की चिपचं भागतं, आणि ते पत्र्याला हात लावून साधतं. त्यासाठी माणसाला फेजच्या वाटेवर बसवण्याची गरज नाही.

तर्कसंग्रहात अभावाचे चार प्रकार आहेत. वस्तू निर्माण होण्याआधीचा प्रागभाव, मोडल्यानंतरचा प्रध्वंसाभाव, कधीच नसण्याचा अत्यंताभाव, आणि ‘हे ते नव्हे’ असा अन्योन्याभाव. काही नैयायिक पाचवाही मानतात : सामयिकाभाव. घडा उचलून नेला, थोड्या वेळानं परत आणून ठेवला. मधल्या वेळेपुरतं जे नसणं, ते. महाराष्ट्रात भारनियमन सोसलेल्या माणसाला हा प्रकार वेगळा शिकवावा लागत नाही. लाइट गेली म्हणजे वीज मेली, असं मानून कुणी काम सुरू करतं, आणि ती मधेच परत येते. यूपीएसचं तर त्याहून अवघड. त्याचा प्लग भिंतीतून काढला तरी तो आतल्या बॅटरीवर सीपीयूला २३० व्होल्ट देतच राहतो, त्याचं कामच ते आहे. सीपीयूची वायर यूपीएसमधून बाहेर काढली तरच वीज तुटली.

खांबावर चढणारा लाइनमन हे सगळं आपल्यापेक्षा चांगलं जाणतो. तो परमिट घेतो, उपकेंद्रातून लाइन बंद करवून घेतो, आणि तरीही तारांना रॉड लावून त्या जमिनीशी जोडतो, मगच हात लावतो. कारण लाइन बंद असताना कुणीतरी घरचा जनरेटर चुकीच्या रीतीनं जोडून सुरू करतो आणि वीज उलट्या वाटेनं तारेत शिरते. अशा उलट्या विजेनं लाइनमन दगावले आहेत. मोठ्या कारखान्यांत, कुणी मधेच वीज चालू करू नये म्हणून, बंद केलेल्या स्विचला कुलूप घालतात आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात राहते. माझ्या बाकावर कुलूप नाही, पण नियम तोच आहे. काढलेला प्लग काम करणाऱ्याच्या नजरेसमोर, बाकावर, स्वतःच्या डाव्या हाताशी. तो भिंतीपाशी लोंबत ठेवायचा नाही, कारण येणारा-जाणारा सद्भावनेनं तो लावून टाकतो.

इथे शब्दप्रमाणाचा मुद्दा येतो. न्यायशास्त्र आप्ताचं वचन प्रमाण मानतं. ज्याला वस्तू खरोखर माहीत आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. माझी मुलं एकमेकांशी खोटं बोलत नाहीत. तरीही एकानं "बंद केलंय रे" म्हटल्यावर दुसऱ्यानं हात घालायचा नाही, स्वतः तपासायचं, असा आमचा दंडक आहे. नवीन मुलांना तो अविश्वास वाटतो. मी त्यांना सांगते की मित्राचं वाक्य तो बोलला त्या क्षणी खरं होतं. सामयिकाभाव क्षणाक्षणाला शिळा होतो, आणि शब्द पोचेपर्यंत वस्तुस्थिती पालटलेली असू शकते. माझ्या शब्दालाही हेच लागू. "ताई म्हणाल्या" हे कारण मी ऐकून घेत नाही. गुरूचं वचन मानावं, पण जे दोन पावलांवर पडताळता येतं ते पडताळूनच मानावं, यात गुरूचा मान राहतो असं मला वाटतं.

एकदा एका मुलानं विचारलं, "ताई, दिसत नाही म्हणून नाही असं म्हणायचं नाही, संशय असेल तर आहे असं धरायचं. मग भुताचंही तसंच धरायचं का?" वर्गात कुणी हसलं नाही, कारण प्रश्न खरा होता. धर्मकीर्तींच्या परंपरेतले बौद्ध तार्किक नेमकं पिशाच्चाचंच उदाहरण घेतात. पिशाच्च स्वभावतःच अदृश्य मानलेलं, तेव्हा ते दिसलं नाही यावरून ते नाही असं सिद्ध होत नाही. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वराबद्दल हाच बचाव उभा केला : ईश्वर डोळ्यांनी दिसण्याजोगा नाहीच, मग दिसत नाही म्हणून तो नाही, असं म्हणणाऱ्याचा हेतू लंगडा पडतो.

मी त्या मुलाला जे सांगितलं ते मला आजही बरोबर वाटतं. ‘नाही’ सिद्ध झालं नाही म्हणजे ‘आहे’ सिद्ध झालं असं नव्हे. वायरीबद्दल आपण ‘आहे’ असं धरतो, कारण दोन मिनिटांपूर्वी तिच्यात वीज होती हे पंखा फिरताना सगळ्यांनी पाहिलंय. ती कुठून येते, कोणत्या वाटेनं जाते, काय करते हे माहीत आहे. जे ‘आहे’ एकदा प्रमाणानं उभं राहिलं, ते हटवायला ‘नाही’ प्रमाणानंच उभं करावं लागतं. भुताचं पहिलं ‘आहे’च कधी कुणी उभं केलेलं नाही. हटवायला तिथे काही नाही, आणि घाबरायलाही.

"आणि देव?" त्यानं विचारलंच. मी रोज सकाळी कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीला जाते. मी देव आहे म्हणते ते श्रद्धेनं, आणि ते तसंच म्हणते; टेस्टरनं सिद्ध केल्याचा आव आणत नाही. नाही म्हणणाऱ्यानंही ‘मला दिसला नाही’ एवढ्यावर थांबू नये, एवढंच माझं त्याला सांगणं. पण एक मर्यादा मी स्वतःला घालून घेतली आहे : दुसऱ्याच्या हातावर बेतेल असं काहीही श्रद्धेवर सोडायचं नाही. खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करतो. टेस्टर, स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर पाटावर मांडतो, सीपीयूला हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो. त्या दिवशीही सीपीयूचा प्लग काढलेला असतो, कारण पूजेत पाणी आहे. मला यात देव आणि विज्ञान अशी वाटणी केल्यासारखं वाटत नाही. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, बेसावधपणाला, मुळाशी ठेवलं. मारण्याची इच्छा नसतानाही बेसावध माणसाच्या हातून हिंसा घडते, हे त्यांना दिसलं होतं. मग प्लग काढणं, तो नजरेसमोर ठेवणं, आधी-नंतर टेस्टर तपासणं ही सावधपणाची कृती आहे, आणि सावधपणा हा अहिंसेचाच भाग आहे. मी ती पूजेइतक्याच मनानं करते.

या शिस्तीचा उपयोग सीपीयूपुरता नाही, म्हणून हे लिहायला बसले. आपण दिवसभर ‘नाही’चे निकाल देत असतो, आणि सगळ्यात जास्त ते माणसांबद्दल देतो. जावळीच्या खोऱ्यातून एक मुलगा माझ्याकडे शिकायला आला. आधीच्या ठिकाणी त्याच्याबद्दल शेरा होता, समज नाही. मी चौकशी केली तेव्हा कळलं की तिथल्या सगळ्या परीक्षा इंग्रजीतून, पर्यायांवर खुणा करायच्या. त्याला प्रश्नच वाचता येत नव्हते. उलट्या जोडणीच्या बोर्डावर माझ्या मुलांपैकी जवळजवळ सगळी उजव्या छिद्राशी थांबतात. या मुलानं न सांगता तिन्ही छिद्रं तपासली, टेस्टर चालू बोर्डाला लावून पुन्हा पाहिला, आणि मगच म्हणाला, "ताई, हा बोर्ड उलटा आहे." त्याच्यात समज होती. ती दिसेल असा दिवा तिथे कुणी लावला नव्हता, आणि अंधाऱ्या खोलीतल्या घड्यासारखा तिचा अभाव कागदावर नोंदवून तिथले लोक मोकळे झाले होते.

वीज नसताना ‘आहे’ धरलं तर दहा मिनिटं वाया जातात. माणसात गुण असताना ‘नाही’ ठरवलं तर त्याचं वर्ष जातं, कधी उमेद जाते. म्हणून माझ्या मुलांना मी तीन प्रश्न पाठ करायला लावते, आणि ते सीपीयूला जितके लागू तितकेच शेरा लिहिणाऱ्या शिक्षकाला, उमेदवार पारखणाऱ्या मालकाला, सुनेची पारख करणाऱ्या सासरलाही लागू आहेत. काय नाही? कुठे नाही? आणि असतं, तर मला कळलं असतं का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बोलता बोलता देता येतात. तिसऱ्यासाठी टेस्टर तपासावा लागतो, म्हणजे स्वतःला तपासावं लागतं. त्याचं उत्तर ‘हो’ असं येत नाही तोवर सीपीयूत हात घालू नये, आणि माणसाबद्दल निकाल देऊ नये.